काशिरामदादांची खिडकीजवळची सीट

काशिरामदादा गेले आणि कुंदनला एकाच गोष्टीची धास्ती बसली. दहाव्याला कावळा शिवला नाही तर?

कारण बापाची एक इच्छा राहिली होती. डोक्यावरून विमानं जायला लागल्यापासून म्हातारा ओटीवर बसून वर बघायचा आणि म्हणायचा, "एकदा बसाया पायजे यात." कुंदन म्हणायचा, "दिवाळीत नेतो." दिवाळीआधी म्हातारा हॉस्पिटलात गेला आणि तिथून थेट वर. (विनातिकीट, असं कुंदनच्या मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.)

तेव्हा कुंदनने ठरवलं, आपण फोमचं विमान करायचं. आत बाबांचा फोटो लावायचा आणि पिंड ठेवले की खाडीवर उडवायचं. इच्छा पुरी, बाप मोकळा.

कुंदन कुरिअर ऑफिसातला क्लार्क, पण घरातल्या वस्तू उघडून बसायची हौस दांडगी. त्याने दुरुस्त केलेल्या मिक्सरच्या उडालेल्या झाकणाची खूण अजून छताला आहे. टाकी भरली की वाजणारी त्याची घंटा बापाची तिरडी उचलताना सुरू झाली, ती वायर तोडेपर्यंत वाजत राहिली. तर असा हा इंजिनिअर.

आधी त्याने स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची शीट आणली. कटर लावताच दाणे सुटले आणि घरभर उडाले, सुतकातल्या आळणी आमटीतसुद्धा. मग फ्रिजच्या खोक्यातला मऊ फोम घेतला, तर पंख दोन्हीकडून खाली लोंबायला लागले. सनबोर्ड ताठ, पण जड. उडवून बघितला तर गेला सरळ बाबांच्या धाकट्या भावाच्या, कमळाकरकाकांच्या पाठीत. शेवटी पुन्हा थर्माकोल आणून चपला चिकटवायचं सोल्युशन लावलं. सोल्युशनने थर्माकोलच खाल्लं आणि पंखांच्या जागी भोकं राहिली.

"अहो, बाबा गेल्यापासून तुम्ही एकदाही रडला नाहीत," त्याची बायको विनिता म्हणाली.

"वेळ कुठाय?" कुंदन म्हणाला. हात थांबले की हॉस्पिटलातली ती खाट डोळ्यांसमोर यायची, म्हणून तो हात थांबूच देत नव्हता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याला मोरीत आईची पेटी दिसली. आई, मैनाबाई, बाजारात मासळी विकते. तिची ही बर्फाची, जाड थर्माकोलची पेटी. दाणा घट्ट, वजन काहीच नाही. कुंदनने ती साबणाने घासघासून धुतली. वास गेला, असं त्याला वाटलं. (जन्म त्याच वासात गेलेल्याला काय कळणार.) सुताराच्या पांढऱ्या गमने पंख बसले. आधार कार्डाच्या झेरॉक्सवरचा बाबांचा फोटो कापून त्याने विमानाच्या खिडकीत लावला. फोटोत बाप चिडलेला दिसत होता, पण आधारवर सगळेच तसे दिसतात.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, हलेनात.

"दादा, पोरांना आमी सांभालू," कमळाकरकाका हात जोडून म्हणाले. कावळे ढिम्म. "वहिनीला काय कमी परू देनार नाय." तरी ढिम्म.

मग कुंदन पुढे झाला. "बाबा, बसा," म्हणाला आणि त्याने विमान सोडलं.

आणि ते खरंच उडालं. छान तिरकं वळण घेऊन खाडीवर गेलं. तेवढ्यात झाडावरचे सगळे कावळे उठले आणि विमानावर तुटून पडले. विमान बाबांसकट चिखलात गेलं आणि कावळे बोंबलाच्या वासाचे पंख टोचत बसले. पिंडाकडे एकानेही बघितलं नाही.

"माझी पेटी कापलीस?" मैनाबाईने विचारलं.

कुंदनने मान खाली घातली. ती उठून पिंडासमोर उभी राहिली. "त्यांना इमान नको व्हतं रे पोरा. जाताना माझा हात धरून येकच बोलले." मग तिने हात जोडले. "अवो, आयका. कुंदन आजपासून घरातल्या कशालाच हात लावनार नाय. पाने, पक्कड, समदं मी भंगारात देतंय."

ती बोलतेय तोवर पहिला कावळा पिंडावर उतरला. मागोमाग विमानावरचेही उठून आले.

"दादाचा जीव यात अरकला व्हता तर," काका म्हणाले.

आता मात्र कुंदनला रडू फुटलं, इतक्या दिवसांचं. विनिता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हुंदके देत देतच तो आईला म्हणाला, "आये, टेस्टर तेवढा ठेवू का?"

पिंडावरचा कावळा चोचीतला घास तसाच धरून थांबला.

"नको, नको, राहू दे," कुंदन घाईघाईने म्हणाला.