एका दिवसापुरता गरीब

कराची नोटीस आली की आमच्या बेटावरची माणसं अथेन्सच्या वकिलाकडे धावतात. मी धावलो नाही. मला माणसं ओळखता येतात, आणि कायदा म्हणाल तर निम्मा मला असाच कळतो! सहा उन्हाळे मी पर्यटकांना होडीतून फिरवलं आणि पावत्या द्यायच्या राहून गेल्या, एवढाच काय तो माझा गुन्हा. दंड-व्याज धरून नऊ हजार युरो भरा, नाहीतर होडी जप्त, असं खात्याने कळवलं. होडी गेली असती तर मला किनाऱ्यावर बसून लाटाच मोजाव्या लागल्या असत्या.

म्हणून मी गावातलाच वकील केला, टिमोलेऑन. माझ्या लग्नात आमच्या डोक्यावरचे मुकुट त्यानेच बदलले, म्हणजे तो माझा कुंबारो. आमच्याकडे कुंबारोचं नातं सख्ख्या भावाच्या वरचं. तो फी मागू शकत नाही आणि मी फुकट काम करून घेऊ शकत नाही! त्यामुळे पहिल्याच आठवड्यात त्याच्या घरी ऑलिव्ह तेलाचे दोन डबे, एक ऑक्टोपस आणि अर्धा बोकड पोचला. अथेन्सचा वकील स्वस्त पडला असता, असं माझी बायको एवान्थिया म्हणाली. तिला कायद्यातलं काय कळतं!

टिमोलेऑनचा बेत सरळ होता. दंड माफ करा आणि बाकीचे चार वर्षांच्या हप्त्यांनी घ्या, कारण माणसाची ऐपत नाही, असा अर्ज त्याने टाकला होता. आता खात्याची बाई घर बघायला येणार होती.

"एक दिवस गरीब दिसायचं आणि तोंड मिटून बसायचं," तो म्हणाला. "जमेल?"

"गरीब दिसायला काय अक्कल लागते?" मी म्हणालो.

मी लगेच कामाला लागलो. मोठा टीव्ही शेजारच्या कालिओपीमावशीकडे नेऊन ठेवला. होडीचं नवं कोरं इंजिन तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यात गेलं, आणि वाइनचं पिंप कॉफीवाल्या स्ट्रातिसच्या तळघरात. कारण विचारू नका, असं मी दोघांनाही खालच्या आवाजात सांगितलं. हे सगळं झाल्यावर खात्याचं पत्र आलं. पाहणी सत्तावीस ऑगस्टला, सकाळी अकरा वाजता.

पत्र वाचून एवान्थिया मटकन खाली बसली. सत्तावीस ऑगस्ट म्हणजे संत फानूरिओसचा दिवस, आणि माझं नाव फानूरिस. नावाच्या दिवशी आमच्याकडे बोलावणं नसतं. दार सताड उघडं ठेवायचं, अख्खं गाव येतं, आणि ज्याचा दिवस असेल त्याने सगळ्यांना पोटभर खाऊपिऊ घालायचं. गेल्या वर्षी सत्तर पानं उठली होती! तारीख बदलून मागितली तर संशय येईल, असं टिमोलेऑनचं मत पडलं. मग तोडगा मीच काढला. स्ट्रातिसच्या दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली: "फानूरिस यंदा नावाचा दिवस साजरा करणार नाही."

आता, अशी चिठ्ठी आमच्याकडे घरात कुणी गेलं तरच लावतात, किंवा कुणी जायच्या बेतात असेल तर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी सुचलं नाही, इतकंच.

सत्तावीसला मी फाटका शर्ट घालून रिकाम्या टेबलाशी बसलो, शेजारी टिमोलेऑन. बाई वेळेवर आल्या. क्लिओनिकी त्यांचं नाव. सडपातळ, शांत, उन्हाने लाल झालेल्या. एवान्थियाने वकिलाच्या हुकमानुसार त्यांच्यापुढे नुसतं पाणी ठेवलं. सोबत गोडाचा चमचासुद्धा नाही! बाईंनी घरभर नजर फिरवली, मान हलवली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात काळा रुमाल बांधून कालिओपीमावशी आत आली. हातात भरल्या टोमॅटोंचं मोठं ताट. तिच्या मागे निम्मं गाव, सगळे दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेलं.

"तू टीव्ही दिलास ना, तेव्हाच मला कळलं," मावशी डोळे पुसत म्हणाली. "माणूस जायला निघाला की असंच सामान वाटतो रे."

स्ट्रातिसने तर मला मिठीच मारली आणि डॉक्टर काय म्हणतात ते कानात विचारलं. पाच मिनिटांत टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

टिमोलेऑन घामाघूम झाला. कुणीही मरत नाही, याची फक्त ऐपत नाही, असं त्याने ओरडून सांगितलं. आणि लोकांची खात्री पटावी म्हणून या शहाण्याने अर्जच मोठ्याने वाचला: "माझ्या अशिलाची पाहुण्याला कॉफी पाजण्याइतकीही ऐपत उरलेली नाही."

स्ट्रातिसने वीस युरोची नोट हळूच माझ्या बशीखाली सरकवली.

"अरे, सांगायचं नाही का?" कालिओपीमावशी म्हणाली. "रोज दोन अंडी पाठवली असती."

एवान्थिया मान खाली घालून उभी होती. मला भयंकर लाज वाटली. मरणाची अफवा मी पचवली असती, पण ती दोन अंडी नाही!

"कोण गरीब?" मी उठलो. टिमोलेऑनने बाही धरली, ती त्याच्या हातात राहिली. "मावशी, खुराडं उघड! स्ट्रातिस, पिंप आण!"

चौघांनी इंजिन उचलून दिवाणखान्यात ठेवलं. त्यावर एक कोंबडी होती, ती उतरेना. टीव्ही आला, वाइन आली, ग्लास भरले गेले.

"बाई, लिहा," मी म्हणालो. "हे सगळं माझं. दीपस्तंभाजवळचा जमिनीचा तुकडाही माझाच. आणि आधी जेवा. या घरातून कुणी नुसत्या पाण्यावर गेलेलं नाही."

गावाने टाळ्या पिटल्या. टिमोलेऑनने अर्ज तोंडावर धरला. बाई जेवल्या, दोनदा वाढून घेतलं. मग हात पुसून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला.

अर्ज सोमवारीच मंजूर झाला होता. दंड माफ, चार वर्षांचे हप्ते, होडीला कुणी हात लावणार नव्हतं. माझी फक्त सही हवी होती, 'घर आणि होडी याखेरीज माझ्याकडे काहीही नाही' या ओळीखाली.

मी घाईघाईने पेन उचललं. बाईंनी ते अलगद माझ्या हातातून काढून घेतलं आणि कागद उलटा केला.

"इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत स्ट्रातिसने छाती फुगवून सांगितलं. वर माझ्या अब्रूसाठी दहा वाढवून सांगितलं!

इंजिन आणि जमीन विकून मी सगळा कर दंडासकट एका महिन्यात भरला. होडी वाचली, ती आता मी वल्हवतो. गावात मला गरीब मात्र कुणी म्हणत नाही. मी बंदरात परत येईपर्यंत म्हणायला कुणी जागंच नसतं.