निधी संकलन प्रमुख, मालदांडी ज्वारी

गेल्या जानेवारीत बालाघाट विभागीय अन्नपेढीच्या निधी संकलन प्रमुखपदी ज्वारीच्या एका पोत्याची नेमणूक झाली, आणि अकरा वर्षं ते काम सांभाळणाऱ्या हेमलता उंबरजे उपप्रमुख झाल्या.

मी तिथे गोदाम पाहतो. व्यापारी, गिरणीवाले, बागायतदार यांच्याकडून धान्य आणि देणग्या मिळवायच्या आणि दर मंगळवारी टेम्पो भरून बार्शी-भूम भागातल्या गरजू घरी शिधा पोचवायचा, एवढं आमच्या संस्थेचं काम. मिळवायचं काम उंबरजे बाई करायच्या, वाटायचं आम्ही.

नेमणुकीत गैर काही नव्हतं. जाहिरात रीतसर निघाली होती, अर्ज पाच आले. पोतं पन्नास किलोचं, मंगळवेढ्याकडच्या मालदांडीचं. डिसेंबरात दानात आलं होतं आणि तिसऱ्या थप्पीत वरून दुसरं होतं. त्याचा अर्ज मुदतीत होता. आमचे अध्यक्ष बोरामणीकर सर निवृत्त नायब तहसीलदार. त्यांनी जाहिरात दोनदा वाचली. धान्याची जाण हवी, प्रवासाची तयारी हवी, स्वभाव मनमिळाऊ हवा, असं तीत होतं. उमेदवार माणूस हवा असं कुठेच नव्हतं. मग मुलाखतीला बोलवावंच लागलं.

दात्याला काय सांगाल, हा एकच प्रश्न सगळ्यांना होता. उंबरजे बाई वीस मिनिटं बोलल्या, तक्ते दाखवले, फोटो दाखवले. पोतं म्हणालं, "मी काही सांगणार नाही. त्यांच्या घरी आज काय शिजलं, ते विचारीन."

दुसऱ्या दिवशी दोघांच्या हातात पत्रं पडली. म्हणजे बाईंच्या हातात. पोत्याचं पत्र मी शिवणीत खोचलं.

बाईंनी टेबल रिकामं केलं, खिडकीजवळची खुर्ची सोडली आणि दाराशी बसायला लागल्या. ओल धरू नये म्हणून खुर्चीवर पाट ठेवून त्यावर पोत्याला बसवलं. आम्ही त्यांना प्रमुख म्हणायचो. ते स्वतःबद्दल नपुंसकलिंगी बोलत, "मी निघतं", "मी आलं", आणि आठवडाभरात ते कुणाच्या कानाला खटकेनासं झालं.

फिरतीवर उपप्रमुखांनी फाइल घेऊन सोबत जायचं, असा नियम होता. तो बाईंनीच पूर्वी लिहिला होता. पहिल्याच फेरीत ते तेलगिरणीवाल्या किशोरलाल बागमारांकडे गेले. बाई बागमारांकडे सात वर्षं जात होत्या. दर वर्षी चहा मिळे, कॅलेंडर मिळे आणि पुढच्या महिन्यात बघू असं उत्तर मिळे. त्या दिवशी दोन हमालांनी प्रमुखांना गादीवर टेकवलं. प्रमुखांनी विचारलं, आज घरी काय केलं होतं. बागमार म्हणाले, डाळबट्टी. मग सांगायला लागले की बहात्तरच्या दुष्काळात त्यांची आई पोरांना वाढायची आणि स्वतः चुलीकडे तोंड करून जेवल्यासारखं करायची. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. निघताना त्यांनी दर महिन्याला दोन टेम्पो तूरडाळ कबूल केली.

बाई सगळा वेळ फाइल धरून बसल्या होत्या. ती उघडायची वेळच आली नाही.

परत आल्यावर त्या माझ्यापाशी गोदामात येऊन बसल्या. "दुसरी कुणी बाई असती," त्या म्हणाल्या, "तर मी तिच्या साडीला तरी नावं ठेवली असती. याच्या कशाला ठेवू?"

मार्चपर्यंत गोदामात पाय ठेवायला जागा उरली नाही. मला थप्प्या व्हरांड्यापर्यंत आणाव्या लागल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मधे प्रमुख, एका बाजूला बोरामणीकर सर, आणि दुसऱ्या बाजूला बाईंचा कोपर. घरोघरची पोटं भरत होती आणि बाईंना ते दिसत होतं. मला म्हणाल्या, याचं सुख व्हायला हवं, माझ्या डोक्यात ते येतंसुद्धा, पण खाली उतरत नाही. नवऱ्यालाही त्यांनी विचारलं, मी जास्त बोलते का. तो घाईघाईने नाही म्हणाला, त्यामुळे त्यांना उत्तर कळलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, बाईंनी प्रमुखांच्या तोंडाची शिवण सैल केली आणि आत धान्य टिकावं म्हणून घातलेला कडुलिंबाचा पाला मूठमूठ काढून घेतला. शिवण पुन्हा घातली आणि पाला मागच्या गटारात टाकला. हे त्यांनी मला पुढे मे महिन्यात सांगितलं. हात थरथरत होते का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, टाके एकसारखे आले.

प्रमुखांनी कुणाकडे तक्रार केली नाही. एका बैठकीत ते बोलता बोलता थांबले, आणि बोरामणीकर सरांच्या वहीवर एक सोंडकिडा चालत गेला. दुसऱ्या दिवशी प्रमुखांनी आठ दिवसांची वैद्यकीय रजा मागितली. सरांनी ती मंजूर केली, उन्हात राहण्याचा सल्लाही लिहून दिला. आम्ही गच्चीवर चादर अंथरली आणि त्यांना तिच्यावर मोकळं केलं. रिकामा बारदाना कठड्यावर वाळत घातला.

आठ दिवसांसाठी सगळे अधिकार बाईंकडे आले. त्या पाच दात्यांकडे गेल्या. त्यांनी फाइल गाडीतच ठेवली आणि आज घरी काय शिजलं हे विचारून पाहिलं. एकाने विचारलं, का हो, जेवायला थांबणार आहात का. बाकीच्यांनी प्रमुखांची तब्येत कशी आहे ते विचारलं. बागमारांनी निरोप दिला की ऊन फार कडक असेल तर वर साडी धरा.

रजेच्या सहाव्या दिवशी दुपारी बाई गच्चीवर गेल्या. ज्वारी खालीवर करायला कुणीतरी हवंच होतं. त्या चादरीच्या कडेला बसल्या आणि हाताने दाणे उलथायला लागल्या. मी जिन्यात पंखा दुरुस्त करत होतो, त्यामुळे ऐकू आलं.

"पाला मी काढला," बाई म्हणाल्या.

"माहीत आहे." आवाज चादरीच्या सगळ्या कोपऱ्यांतून आला. "मी जागं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

प्रमुख म्हणाले की त्यात त्यांना काही चुकीचं वाटलं नाही, कारण हेवा म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. दर मंगळवारी खिडकीतून टेम्पो भरताना दिसतो. त्यांच्याच रानातली, त्यांच्याच बरोबर मळलेली दोन पोती फेब्रुवारीत गेली. एक पोतं जाताना हसत होतं. प्रमुख व्हावं म्हणजे वाटपाच्या यादीत आपलं नाव आपल्यालाच घालता येईल, एवढ्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. पत्र मिळाल्यावर सरांनी नियम दाखवला की संस्थेचा अधिकारी वाटपात देता येत नाही. तेव्हापासून ते लोकांना काय शिजलं ते विचारत होते, कारण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाईंचा हात दाण्यांत तसाच राहिला.

"रजेवरच्या अधिकाऱ्याला अधिकारी नाही, धान्य म्हणून धरतात," प्रमुख म्हणाले. "मी नियम वाचले आहेत. सही प्रभारींची, म्हणजे तुमची लागते. रजा परवा संपते."

बाईंनी एक ओंजळ उलथली. मग म्हणाल्या, "मी सही केली तर लोक म्हणतील हिने काटा काढला. त्यांचं सोडा. मी हे तुमच्यासाठी करतेय की माझ्यासाठी, ते मलाच सांगता येणार नाही."

"ते वाटपपत्रावर लिहावं लागत नाही."

बाई खाली आल्या आणि त्यांनी सही केली. सही नेहमीसारखी नव्हती, पण वाचता येत होती.

आम्ही प्रमुखांना दोनदा चाळलं, पाखडलं, किडे काढले. पाच पाच किलोच्या नऊ पिशव्या भरल्या. उरलेली दोन ओंजळी ज्वारी बाईंनी प्रत्येक पिशवीत थोडी थोडी घातली. मंगळवारी टेम्पो सुटताना त्या फाटकापर्यंत आल्या. पिशव्यांतून काही आवाज येतोय का म्हणून मी कान लावला. नऊही पिशव्या हळू आवाजात एकच गाणं म्हणत होत्या, जात्यावरचं असावं.

बोरामणीकर सरांनी चौकशी केली. नियमात बसत होतं. बागमारांचा फोन आला तेव्हा बाईंनी सरळ सांगितलं की प्रमुख वाटपात गेले. बागमारांनी विचारलं, कुठल्या गावाला. मग म्हणाले, सुटले बिचारे. तूरडाळ चालू ठेवली.

पुढच्या मंगळवारी पोच घ्यायला बाई स्वतः निघाल्या. एरवी ते काम माझं. भूमच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला, गवराबाई शिनगारे नावाची सत्तरीतली बाई एकटी राहते; नवांतली एक पिशवी तिच्याकडे गेली होती. बाई पोचल्या तेव्हा ती भाकरी थापत होती. बाईंनी कागद पुढे केला नाही. उंबऱ्याशी बसल्या. गवराबाईने काही न विचारता बोलायला सुरुवात केली, मेलेल्या नवऱ्याबद्दल, पुण्याला गेलेल्या सुनेबद्दल, मग या पिठाबद्दल. म्हणाली, असं पीठ वर्षात हाताला लागलं नाही, थापताना चिरत नाही, तव्यावर टाकलं की लगेच फुगतं. आणि घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

बाईंनी ऐकून घेतलं. गवराबाईने ताटलीत भाकरी, ठेचा आणि बोटभर तेल वाढलं. बाई नाही म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. पहिल्या घासाला त्यांना वाटलं की आता काहीतरी बोललं जाईल. कुणी काही बोललं नाही. भाकरी गरम होती आणि गोड लागत होती. त्यांनी ती पूर्ण खाल्ली, आणि आणखी अर्धी मागून घेतली.

त्यानंतर परडीत एकच भाकरी उरली होती. ती मागायची बाईंना लाज वाटली. गवराबाईने तिचे चार तुकडे केले आणि दारात बांधलेल्या शेळीपुढे टाकले. शेळीने ते डोळे मिटून, सावकाश खाल्ले.

प्रमुखपदावर आता पुन्हा उंबरजे बाईच आहेत. काम चांगलं चाललंय. परवा चहा घेताना मी त्यांना विचारलं, अजून प्रमुखांचा हेवा वाटतो का. त्यांनी विचार केला आणि नाही म्हणाल्या.

"त्या शेळीचा वाटतो," त्या म्हणाल्या.