बागेश्री ठरलं होतं

माझ्या मुलीच्या बारशात माझ्या सख्ख्या बहिणीनं मला फसवलं. साडी घेतली, नाव कबूल केलं आणि पाळण्यापाशी भलतंच बोलली.

आष्ट्यात मी जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री करतो. गिऱ्हाईक भाव बोलेपर्यंत मी तोंड उघडत नाही. असाच वर आलोय. पण अक्कापुढं माझी डाळ शिजत नाही. ती माझ्याहून बरीच मोठी, माण तालुक्यात दिलेली. कुणालाही खऱ्या नावानं हाक मारायची नाही, हे तिचं व्रत. माझ्या मेकॅनिकला ती एकदा 'भोपळ्या' म्हणाली. आता त्याची बायकोही तेच म्हणते. "कागदावरचं नाव कागदाला," हे तिचं पालुपद.

मुलगी झाली आणि अक्कानं बघताक्षणी तिला 'बकू' म्हटलं. लगेच सगळं घर बकू-बकू करायला लागलं. मीसुद्धा. आता बारशाला बकूला शोभेल असं नाव हवं होतं. मी 'अन्विका' सुचवलं. अक्का तडक मळ्यात गेली, बांधावर उभी राहिली आणि लांबच्या विहिरीकडं तोंड करून ओरडली, "अन्विकाऽऽ!" परत येऊन म्हणाली, "निम्म्या वाटंत पडतंय रं हे नाव. आन् घरात बकू, शाळंत अन्विका? पोरी दोन हायत का तुला?"

'इरा' झालं, 'बिल्वा' झालं. बिल्वाला शेजारच्या म्हशीनं वळून बघितलं, तेवढंच. शेवटी मी 'बागेश्री' काढलं. तिनं तोंड वाकडं केलं. मी साडी बोललो.

"जरीकाठाची," ती म्हणाली.

"जरीकाठाची. पण बागेश्रीच."

तिनं मान हलवली. सौदा पक्का.

नाव ठेवायचा मान आत्याचा. बारशाला अक्कानं नवी साडी नेसून पाळण्यात तोंड घातलं, बाळाच्या कानात "कुर्रर्र" केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती वर येऊन सगळ्यांना म्हणाली, "बकुळा."

बाया घुगऱ्या वाटायला लागल्या. कानात सांगितलेलं नाव आमच्यात मागं घेत नाहीत. पंगती उठेपर्यंत मी दात आवळून बसलो आणि मग तिला परसात गाठलं.

"अक्का, शब्द दिला होतास."

"व्हय, दिलता."

"मग हे आजीच्या काळातलं नाव कुठनं काढलंस?"

ती पदराचा काठ चाचपत राहिली. "माजं हाय ते. लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरलं आन् अंगठीनं शालन लिवलं. तू तवा रांगत हुतास, तुला कुटलं ठावं? त्याच्या आदी आई मला बकू म्हनायची. मग तीबी शालनच म्हनाया लागली. पोरगी आता दुसऱ्याच्या घरची, म्हनं." पदर सोडून म्हणाली, "आता मी म्हायेरी आले आन् कुनी बकू म्हनून हाक मारली, की मीबी वळून बघीन. तेवढंच."

बहिणीचं नाव मला त्या दिवशी कळलं.

अक्काच्या लग्नाच्या मांडवात आमच्या बाजूची माणसं काही कमी नव्हती. माझे चुलते पुढंच बसले असणार. म्हैस विकताना दावं द्यायचं की नाही यावरून अर्धा दिवस घासाघीस करणारा माणूस. पोरगी देतोय, तिचं नाव कशाला घेताय, एवढं त्यांनी का विचारलं नाही? ते अजून धडधाकट आहेत. उद्या मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसणार आहे आणि जाब मिळाल्याशिवाय उठणार नाही.