स्टुलाचा चौथा पाय

माणसाचं घरातलं स्थान त्याच्या शिक्षणावर, पगारावर किंवा स्वभावावर ठरतं, असा एक गैरसमज सर्वत्र प्रचलित आहे. वस्तुस्थिती अशी, की ते त्याचा हात कुठवर पोचतो यावर ठरतं. भाऊसाहेबांचा हात स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीपर्यंत पोचत होता.

भाऊसाहेब उंचीने सहा फूट एक इंच आणि हुद्द्याने निवृत्त अधीक्षक. चौतीस वर्षं त्यांच्या सहीशिवाय कचेरीतलं एकही कपाट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं नव्हतं. (काही कपाटं सहीनंतरही गेली नाहीत, पण तो दोष दारांच्या रुंदीचा.) निवृत्त झाल्यावर या अनुभवाचा लाभ घरालाही मिळावा, या उदात्त हेतूने त्यांनी पहिल्याच आठवड्यात भांडी घासण्याचा क्रम, चादरींच्या घड्या आणि दूध उतू जाण्याची कारणं यांबाबत सविस्तर सूचना दिल्या. दुसऱ्या आठवड्यात पत्नी आणि सून यांची ओट्यापाशी एक अनौपचारिक बैठक झाली आणि भाऊसाहेबांना सर्व खात्यांतून सन्मानाने मोकळं करण्यात आलं. एकच काम त्यांच्याकडे राहिलं. वरच्या फळीवरचा डबा काढून देणं.

"अहो, जरा येता का?" अशी माईंची, म्हणजे पत्नीची, हाक आली की भाऊसाहेब वर्तमानपत्राची घडी घालत, चष्मा सारखा करत आणि उद्घाटनाला निघाल्यासारखे स्वयंपाकघरात जात. माई जेमतेम पावणेपाच फूट. दिवसाला सरासरी साडेसात हाका येत. (अर्धी हाक म्हणजे "अहो, जरा... राहू द्या, सापडला".) डबा खाली देताना ते न चुकता विचारत, "मी नसतो तर काय केलं असतंस?" आणि उत्तरासाठी न थांबता बाहेर जाऊन बसत.

अशात एका सोमवारी चहाचा कप पुढे ठेवून माई म्हणाल्या, "मी काय म्हणते, घरच्या घरी एक छोटं स्टूल करा ना. दोन पायऱ्यांचं. तुम्हाला सारखं उठवायचं म्हणजे मलाच कसंतरी होतं. तुमचाही वेळ जाईल."

भाऊसाहेबांना प्रस्ताव फारच आवडला. निवृत्तीनंतरच्या नऊ महिन्यांत प्रथमच कुणीतरी त्यांना नवं काम सांगितलं होतं. त्यांनी लगेच नवी वही काढली, पहिल्या पानावर 'स्टूल (लाकडी)' असं लिहून खाली दुहेरी रेघ ओढली आणि मोजमापं घ्यायला सुरुवात केली. फळीची उंची घेतली. माईंना भिंतीला टेकून उभं केलं आणि त्यांचा वर केलेला हात मोजला. वजाबाकी केली. उत्तर तेरा इंच आलं.

त्या तेरा इंचांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. चौतीस वर्षांचा अनुभव, सहा फूट एक इंच देह आणि दिवसाच्या साडेसात हाका, या सगळ्याच्या जागी तेरा इंच लाकूड नेमलं जाणार होतं. शिवाय नेमणुकीचा आदेश त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहायचा होता.

परंतु अधीक्षकाने काम नाकारायचं नसतं. ते फक्त पद्धतशीर करायचं असतं. त्याप्रमाणे कामाचे पुढील टप्पे निश्चित झाले:

१. जागेची पाहणी (सहा दिवस).
२. जागा तीच असल्याची खात्री करण्यासाठी फेरपाहणी (दोन दिवस).
३. लाकडाची निवड (अकरा दिवस. एक लाकूड जड वाटलं, दुसरं हलकं, तिसऱ्याला गाठ होती आणि चौथ्याला अजिबात गाठ नसल्यामुळे त्याचा संशय आला).
४. लाकूड घरात आल्यावर त्याला घरची हवा मानवते का, ते पाहणं (आठ दिवस).
५. प्रत्यक्ष काम (उर्वरित कालावधी).

गल्लीच्या टोकाशी एका सुताराचं दुकान होतं. रंधा कसा धरायचा, हे विचारायला भाऊसाहेब तिथे गेले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, चार तासांचं काम आहे. उद्या सकाळी देऊ का करून?" भाऊसाहेबांना त्याची कीव आली. चार तासांत कामं संपवणारी माणसं आयुष्यभर कामंच करत राहतात, हे त्यांनी कचेरीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

मात्र टप्पा क्रमांक पाचमध्ये एक अनपेक्षित अडचण आली. भाऊसाहेबांना मजा यायला लागली. रंध्याखालून लाकडाची लांबलचक साल वळत निघाली, की ते ती सुनेला नेऊन दाखवत. बाल्कनीत भुसा साचला. अंगठ्याला दोन पट्ट्या लागल्या. करवत सरळ जाऊ लागली तेव्हा तर ते शीळ घालत होते, असं सुनेचं म्हणणं आहे. (भाऊसाहेबांनी याचा लेखी इन्कार केला आहे.) दिरंगाई करायची, हे ते चक्क विसरून गेले आणि एकेचाळिसाव्या दिवशी स्टूल तयार झालं.

सुतार मुद्दाम बघायला आला. त्याने स्टुलाच्या चारही कोपऱ्यांवर तळहात दाबून पाहिला, मग दोन्ही हात, मग स्वतः चढून उभा राहिला. "हलत नाही हो! पहिल्याच खेपेला? माझं पहिलं स्टूल वाऱ्यानेसुद्धा डुलायचं."

चौतीस वर्षांत भाऊसाहेबांच्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणीही बोललं नव्हतं. निरोप समारंभातल्या भाषणातही त्यांच्या अक्षराचंच कौतुक झालं होतं. त्यांचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं, की आपली नोकरी गेली.

दुपारी घर झोपलं होतं. भाऊसाहेबांनी कानस घेतली, स्टूल उलटं केलं आणि चौथ्या पायाच्या तळातून बरोबर दोन मिलिमीटर लाकूड झिजवलं. यात फसवणूक नव्हती, सुरक्षिततेचा विचार होता. न हलणाऱ्या स्टुलावर माणूस बेफिकीर चढतो. बेफिकीर माणूस पडतो. म्हणजे स्टूल जितकं भक्कम, तितका धोका मोठा. तेव्हा घरच्या माणसांची काळजी असलेल्या कुणालाही दुसरा मार्गच उरत नाही.

संध्याकाळी उद्घाटन झालं. माई वर चढल्या आणि स्टूल 'टक्' करून कलंडल्यासारखं झालं.

"अगंबाई! हलतंय की हो."

"हलणारच. लाकूड आहे ते. घाबरू नकोस, मी धरतो ना."

त्याच दिवशी तोंडी नियम जाहीर झाला, की स्टूल वापरताना ते धरायला एक जबाबदार व्यक्ती हजर असावी. पात्रता: वय साठच्या वर, उंची सहा फुटांच्या वर, प्रशासकीय अनुभव तीस वर्षं. एकच अर्ज आला. हाकांची सरासरी साडेसातवरून नऊवर गेली. भाऊसाहेब खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे राहत, आणि माईंना पहिल्यांदाच नवऱ्याशी वरून बोलता येऊ लागलं. त्याचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला.

पण भाऊसाहेबांचं मन त्यांना खाऊ लागलं. माईंचा तोल गेला तर? आठवडाभर ते नीट जेवले नाहीत. शेवटी एका सकाळी त्यांनी फिरणं अर्ध्यावर सोडलं. आज चौथ्या पायाला चकती ठोकायची, मग पद राहो की जावो, असं ठरवून ते घरी परतले. दार नुसतं लोटलेलं होतं.

स्वयंपाकघरात माई स्टुलावर उभ्या होत्या. एकट्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फडकं, आणि स्टूल जागचं हलत नव्हतं. चौथ्या पायाखाली पुठ्ठ्याची नीट कापलेली घडी होती.

"आई, बाबांना सांगू का एकदा?" सून भाजी चिरत म्हणाली. "पाय सारखा करतील. पाच मिनिटांचं काम आहे."

"नको गं बाई," माई म्हणाल्या. "इतकं मापात त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. राहू दे." मग त्या खाली उतरल्या, त्यांनी पुठ्ठा काढून डब्यांच्या मागे सरकवला आणि पदराला हात पुसले.

भाऊसाहेब पाय न वाजवता मागे फिरले. जिन्यात त्यांनी डोळे कोरडे केले, दोनदा मोठ्याने खोकले आणि बेल वाजवली. पाच मिनिटांत हाक आली. "अहो, जरा येता का? हे स्टूल फारच हलतंय बाई." भाऊसाहेब गेले आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

भाऊसाहेबांना हसण्याचा अधिकार वाचकांना अर्थातच आहे. फक्त तुमच्या घरातल्या वायफायचा पासवर्ड, गीझरचं ते एक अवघड बटण आणि कचेरीतल्या प्रिंटरला नेमक्या जागी मारायची चापट, या गोष्टी इतरांना शिकवायला तुम्हाला अद्याप सवड मिळालेली नाही, याची नोंद घ्यावी. आणि त्यांना त्या अजून येत नाहीत, असं तुम्हाला खरंच वाटतं?