दोनच तर वायरी

छताच्या जाळीला बांधलेली कागदाची पट्टी हलत नव्हती. बोटभर रुंदीचा पातळ कागद. जाळीतून हवा येत असली की तो आडवा होऊन फडफडतो, हवा कमी झाली की खाली झुकतो. थोरल्या भावाच्या केबिनमधला कागद सरळ खाली लोंबत होता. शिडीवर उभ्या असलेल्या बाईने तो बराच वेळ पाहिला आणि मग काचेच्या भिंतीपलीकडे नजर टाकली. धाकट्या भावाच्या केबिनमधला तसाच कागद जाळीपासून सुटायची धडपड करत होता.

"सापडलं का काही?" खालून थोरल्यांनी विचारलं. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मानेवर ओला रुमाल आणि टेबलावरचा पंखा इतका जवळ, की बोलताना आवाज थरथरत होता. "की तुमचंही मिस्टरांसारखंच, 'होऊन जाईल'?"

"बघतेय."

"बघा. आणि पलीकडे गेलात की सांगा त्याला, भावाला भाजायचंच असेल तर मीठमसाला तरी लाव म्हणावं."

पलीकडे धाकटे कानटोपी घालून, गुडघ्यांवर शाल घेऊन, हीटरला जवळजवळ मिठी मारून बसले होते. "काय म्हणतोय तो?" ती आत येताच त्यांनी विचारलं. "खूश असेल! माणूस मेल्यावर बर्फात ठेवतात. याला तेवढाही दम नाही."

दोघे भाऊ वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांच्या वेळचा एकच मोठा हॉल होता. भांडण झालं तेव्हा त्यांनी मधोमध भिंत घातली, तीही काचेची. लाकडाची घातली असती तर दुसऱ्याचं काय चाललंय ते दिसलं नसतं.

भिंतीबरोबर छतातल्या एसीचे जुने कंट्रोल काढून नवे बसवायचं कामही निघालं, आणि ते तिच्या नवऱ्याने मिळवलं. प्रत्येक केबिनवर डक्टमध्ये, म्हणजे गार हवेच्या नळात, एक पेटी, पेटीत एक झडप, खाली भिंतीवर तापमानाचा आकडा लावायचा थर्मोस्टॅट आणि त्याच्यापासून झडपेपर्यंत एक वायर. खोली तापली की थर्मोस्टॅट झडपेला सांगतो, उघड. गार झाली की सांगतो, मीट. काम मिळवायचं नवऱ्याने आणि निस्तरायचं तिने, ही त्या दोघांची वाटणी लग्नाइतकीच जुनी होती.

"अहो, वायरींना खुणा केल्यात ना?" तिने तेव्हा विचारलं होतं.

"दोनच तर वायरी! दोनांत काय चुकणार?"

तिने तरीही चाचणी घेतली होती. दोन्ही थर्मोस्टॅट एकाच आकड्यावर ठेवले, दोन्ही खोल्या छान गार झाल्या आणि तिने काम पास केलं. दोन्हीकडून एकच मागणी असेल तर कोण कुणाचं ऐकतंय ते कळत नाही, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. पुढे तक्रारी आल्या तेव्हा नवऱ्याने धाकट्यांना हीटर विकला आणि थोरल्यांना पंखा.

आता तिने थोरल्यांचा थर्मोस्टॅट हातात घेतला. तो सगळ्यात खालच्या आकड्यावर होता. तिने तो सगळ्यात वर नेला. थोरल्यांचा कागद ढिम्म राहिला. मात्र काचेपलीकडचा कागद हळूहळू खाली झुकला. थोड्या वेळाने धाकट्यांनी वर पाहत कानटोपी काढली. तिने आकडा पुन्हा खाली आणला. धाकट्यांनी कानटोपी घातली.

म्हणजे थोरल्यांना उकडलं की ते आकडा खाली आणायचे, आणि गारठायचे धाकटे. धाकटे गारठले की ते आकडा वर न्यायचे, आणि झडप मिटायची थोरल्यांची. वर्षभर दोघे भाऊ मन लावून एकमेकांच्या खोलीचा कारभार पाहत होते.

खिशातला फोन वाजला. खोलीवाल्या मावशी.

"अगं, तुझ्या त्या मैत्रिणीचं काय ठरलं? दुसरं माणूस दारात उभं आहे. किती थांबवू?"

भाड्याची ती खोली लहान होती. खिडकी, मोरी आणि रस्त्याकडे उघडणारं स्वतंत्र दार. ती पाहायला गेली तेव्हा मावशींनी विचारलं होतं, कुणासाठी? तिच्या तोंडून निघून गेलं, मैत्रिणीसाठी. तेव्हापासून ती मैत्रीण काही ठरवत नव्हती.

"कळवते, मावशी. आजच."

"आज म्हणजे आज हं. मग मी द्यायला मोकळी."

नवरा पॅसेजमध्ये चहा पीत होता. तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

"हळू बोल!" तो म्हणाला. "चूक आपली आहे म्हणून गावभर सांगणार आहेस का? गुपचूप वायरी बदल. त्यांना वाटेल, जादू झाली."

"बदलते. पण आधी दोन्ही आकडे मध्यावर आणा. एक तळाला आहे, एक टोकाला. तसेच राहिले तर उलटा गोंधळ होईल."

"होऊन जाईल."

ती शिडीवर चढली, छताची फळी सरकवली आणि खांद्यापर्यंत आत गेली. आतून खालचं काही दिसत नव्हतं. "आणले का मध्यावर?" तिने ओरडून विचारलं.

"आणले, आणले!" धाकट्यांच्या केबिनमधून उत्तर आलं. नवरा तिथे त्यांना आणखी मोठ्या हीटरचे फायदे समजावत होता.

तिने वायरी बदलल्या. खाली उतरून हात पुसेपर्यंत थोरल्यांच्या जाळीतून गार हवेचा लोट सुटला. टेबलावरचे कागद उडाले, ओला रुमाल मानेवर बर्फासारखा झाला आणि ते लागोपाठ शिंकत सुटले. पलीकडे हवा बंद झाली, हीटर मात्र चालूच. धाकट्यांनी आधी शाल फेकली, मग कानटोपी, मग स्वेटर डोक्यातून काढताना तो अर्ध्यावर अडकला आणि तसेच ते पॅसेजमध्ये आले.

"काय केलंत हो बाई?" थोरलेही बाहेर येऊन कडाडले.

"होतं ते बरं होतं!" स्वेटरातून आवाज आला.

आकड्यांना कुणी हातही लावला नव्हता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसतमुखाने हात जोडून पुढे झाला होता.

"सॉरी, सॉरी साहेब. बायको आहे माझी. घरी बसून कंटाळते म्हणून येते सोबत. जरा हात चुकला तिचा. मी आत्ता पहिल्यासारखं करायला लावतो."

हे वाक्य तिने याआधीही ऐकलं होतं. गिऱ्हाइकं बदलायची, वाक्य नाही.

"हात चुकला नाही," ती म्हणाली. "आत्ता बरोबर झालंय. वर्षभर चुकीचं होतं. यांनी वायरी उलट्या लावल्या आणि मी नीट न तपासता काम पास केलं. थोरल्या साहेबांच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट धाकट्यांची खोली गार करत होता, आणि धाकट्यांचा थोरल्यांची झडप बंद ठेवत होता. दोष तुमच्यापैकी कुणाचाच नाही."

नवरा चहाच्या रिकाम्या कपात बघत राहिला. तिला वाटलं, आता हे दोघे एकमेकांकडे पाहतील.

त्यांनी पाहिलं.

"म्हणजे," थोरले सावकाश म्हणाले, "याची ती कानटोपी माझ्यामुळे?"

"हो."

"वर्षभर?"

"वर्षभर."

थोरल्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, जे कुठल्याही आकड्यावर त्यांना मिळालं नव्हतं. तोवर धाकट्यांनी स्वेटरमधून डोकं सोडवलं होतं. "आणि याचं ते उकडणं? रुमाल, पंखा, सगळं माझ्यामुळे?"

"हो. पण आता दोन्ही आकडे मध्यावर आणले की—"

"थांबा!" दोघे एकदम म्हणाले.

"पहिल्यासारखं करून द्या," थोरले म्हणाले.

"अगदी पहिल्यासारखं," धाकटे म्हणाले.

वर्षभरातलं हे त्यांचं पहिलं एकमत होतं.

"अहो, पण त्रास तुम्हालाच होईल. तुमच्या खोलीची सूत्रं त्यांच्या हातात राहतील. एकमेकांची काळजी घेणार असाल तर गोष्ट वेगळी."

यावर दोघे भाऊ खळखळून हसले. थोरल्यांनी धाकट्यांना टाळी दिली, मग आपण काय केलं ते लक्षात येऊन हात मागे घेतला. दोघेही लगबगीने आपापल्या केबिनमध्ये गेले आणि भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपाशी बोट टेकवून, काचेतून एकमेकांवर नजर ठेवून उभे राहिले.

"बघ!" नवरा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "गिऱ्हाईक खूश! मी लावलं होतं तेच हवंय त्यांना. उगाच शहाणपणा करायला जातेस. चढ वर. दोनच तर वायरी."

तिने काचेपलीकडच्या त्या दोन बोटांकडे पाहिलं. राग नव्हता तिथे. त्या दोघांना करमत होतं. आणखी वर्षभर, आणखी दहा वर्षं ते असेच राहणार होते, आणि कुणी सोडवायला आलं तर त्यालाच हाकलणार होते.

खिशातला फोन पुन्हा वाजला. तिने स्क्रूड्रायव्हर नवऱ्याच्या रिकाम्या कपात उभा ठेवला.

"आता कुणाचा?" तो वैतागून म्हणाला. "नंतर कळवते म्हण. आधी वर चढ."

तिने फोन कानाला लावला.

"मावशी, मैत्रीण वगैरे कुणी नाही," ती म्हणाली, केबिनमधल्या दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "खोली मला हवीय. एकटीला."