सरकत्या डोंगराची मोजणी

एका जंगलात, मुलांनो, एक डोंगर होता आणि त्याला चालायची खोड होती.

हसू नका. डोंगर वर्षाला नखभरच चालायचा. पाठीमागची जमीन त्याला रेटायची, तो पुढच्या जमिनीला रेटायचा. अंगणातली माती फावड्याने ढकलून बघा. आधी ढीग होतो. मग ढिगापुढची मातीही उचलली जाते आणि ढिगातच जमा होते. आई ओरडली तर माझं नाव सांगू नका.

पायथ्याशी साळूबाईचं बीळ होतं. काटे असलेली साळू, तीच. डोंगर जवळ येताना तिला दिसत होता. त्या काळी प्राणी लाखो वर्षं जगत. कचेरीतली कामं व्हायला तेवढा वेळ लागतोच. साळूबाई सिंहाकडे गेली.

"महाराज, डोंगर दारात आलाय. माझं घर जाईल हो!"

"मोजणी करा," सिंह म्हणाला. तो नेहमी हेच म्हणे.

मोजणीदार अस्वल साखळी घेऊन आलं. ऊन फार होतं. म्हणून त्याने हद्दीचा दगड सावलीत रोवला, म्हणजे डोंगरावरच. दगडापासून डोंगराच्याच कड्यापर्यंत चाळीस साखळ्या भरल्या. दहा हजार वर्षांनी पुन्हा मोजलं. चाळीसच. 'डोंगर जागचा हललेला नाही,' असा शेरा त्याने मारला.

"अहो अस्वलराव, दगडही डोंगराबरोबर सरकतोय की!"

"साळूबाई, दगड सरकारी आहे. सरकारी दगड सरकत नसतो."

मग एके दिवशी जमीन तडकली. बिळाच्या मागे नाही, पुढे. बिळासकट अख्खी जमीन उचलली गेली आणि पुढच्या जमिनीवर चढून बसली. डोंगराला नवी पायरी फुटली. जुने खडक नव्या खडकांच्या डोक्यावर बसले. जंगलात ही रीत जुनीच होती. साळूबाई दारात कंद खात होती, ती खाता खाताच वर गेली. घर शाबूत राहिलं म्हणून ती आनंदाने नाचली.

आठवड्याने अस्वल नोटीस घेऊन आलं.

"तुमचं बीळ डोंगराच्या हद्दीत सापडलंय. अतिक्रमण! आठ दिवसांत खाली करा."

"अहो, मी इथून हललेच नाही! डोंगर आलाय!"

"डोंगर हलत नाही, हे दफ्तरात आहे. मग हललं कोण?"

साळूबाईने सगळे काटे फुलवले. पण कागदाला काटे टोचत नाहीत. बिचारी रडत रडत खाली उतरली आणि नव्या पायथ्याशी बीळ खणू लागली. मला तिची फार दया येते.

तात्पर्य : आपल्या जागी ठाम राहणाऱ्याला डोंगरही हलवू शकत नाही. त्याला मोजणीदार हलवतो.