रेघेबाहेरची लाली

कानामात्राकाकांच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे सगळ्या छापखान्याला ठाऊक होतं. ठाऊक नसून सांगता कोणाला? काका स्वतःच दिवसातून तीनदा सांगत! तीस वर्षं छपाईआधीची मुद्रितं तपासून त्यांचा जगावरचा विश्वासच उडाला होता. औषधाच्या बाटलीवरची सूचनासुद्धा ते हातात लाल पेन धरून वाचत.

अशा माणसाच्या टेबलावर ‘ओळख त्वचेची’ ही पुस्तिका तपासायला आली. लिहिली होती त्वचारोगाच्या एका डॉक्टरीणबाईंनी. पहिली चार पानं काका खुशीत होते. वर बाह्यत्वचा, तिच्याखाली अंतस्त्वचा, त्याखाली चरबीचा थर, मधूनमधून घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी.

“अगं, आपण म्हणजे तीन मजली इमारत आहोत!” त्यांनी काकूंना फोन करून सांगितलं.

पाचव्या पानापासून मात्र इमारतीत नको ते भाडेकरू यायला लागले. गजकर्ण, इसब, खरूज, सोरायसिस! प्रत्येक नावासरशी काकांना कुठे ना कुठे खाजायला लागलं. नवव्या पानावर उजव्या खांद्याखाली जी खाज सुटली, ती घरी पोचले तरी थांबेना.

“अहो, लाल चट्टा आहे इथे,” काकू म्हणाल्या. “शर्टाच्या गुंडीएवढा.”

रविवारी लेक येणार होती, दोन महिन्यांच्या नातीला घेऊन, पहिल्यांदाच! तिला नीट घेता यावं म्हणून काका महिनाभर दोन जाडजूड शब्दकोश टॉवेलात गुंडाळून घरभर फिरत होते. दोनदाच पाडले होते, तेही सुरुवातीला.

“हे दुसऱ्याला लागणारं निघालं तर? मी काय तिला दारातूनच बघायचं?”

“मग डॉक्टरांना दाखवा.”

“छे! ते बायोप्सी करतात, कातडीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. पान एकवीस! आपण आधी पान चौदाप्रमाणे जाऊ.”

पान चौदावर लिहिलं होतं: चट्ट्याच्या कडेने पेनाने रेघ ओढा. लाली रेघेबाहेर गेली तर लगेच दाखवा. तोवर तिथे साबण लावू नका, चोळू नका. काकांनी खिशातलं पेन काढून दिलं. काकूंना चष्मा सापडेना, तेव्हा त्यांनी अंदाजानेच रेघ ओढली.

दिवस उकाड्याचे. काकांचा सदरा दुपारपर्यंत पिळून काढावा असा होई. दुसऱ्या संध्याकाळी काकूंनी पाठ पाहिली आणि आधी दिवा लावला.

“बोल ना! काय झालं?”

“रेघेबाहेर आलीय हो. लिंबाएवढी झालीय.”

“नवी रेघ ओढ. एका दिवसावरून निदान करत नसतात!” काका म्हणाले आणि त्यांनी पेन पुढे केलं.

गुरुवारी चट्टा वाटीएवढा झाला, शुक्रवारी बशीएवढा. काकांनी आपला टॉवेल वेगळा केला, कप वेगळा केला, खुर्ची वेगळी केली. शब्दकोशही कपाटात ठेवून दिले. ते ठेवताना त्यांचे डोळे भरून आले. दोन महिने जिचे फोटो बघून काढले, ती दारात येणार आणि आजोबा खोलीत कोंडून घेणार!

शनिवारी सकाळी काकूंनी पाठ पाहिली आणि बाहेर जायचा सदरा काकांच्या हातात दिला.

“ताट,” एवढंच त्या म्हणाल्या.

बायोप्सीची भीती बायोप्सीपाशी राहिली. अर्ध्या तासात दोघं डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात हजर!

“डॉक्टर, तुमच्या पुस्तिकेप्रमाणे अगदी तंतोतंत केलंय,” सदरा काढता काढता काका म्हणाले. “पान चौदा. साबण नाही, चोळणं नाही. आता जे असेल ते स्पष्ट सांगा. फक्त नातीला उचलता येईल का, तेवढं आधी सांगा.”

बाईंनी भिंग लावलं. भिंग काढलं. नर्सकडून स्पिरिटचा बोळा घेतला आणि पाठीवरून एकदा फिरवला. बोळा लालभडक!

“रक्त!” काकू ओरडल्या.

“शाई,” बाई म्हणाल्या. “घामाने रोज पसरलीय. खाली डास चावल्याची खूण आहे, तीही आठवड्यापूर्वीची. रेघ कोणत्या पेनाने ओढलीत?”

काकांनी खिशातून पेन काढलं. चौघंही त्या लाल पेनाकडे बघत राहिली. नर्स खोलीबाहेर गेली आणि तिचं हसू दाराआडून ऐकू आलं.

“रंग कुठला, ते पुस्तिकेत दिलेलं नाही,” काका पडेल आवाजात म्हणाले.

“खरंय. चूक माझी. घाला तिथे ‘निळ्या’.”

काकांनी पिशवीतून मुद्रित काढलं आणि पान चौदावर ‘निळ्या’ हा शब्द घातला. लाल पेनाने.

“आणि नातीला दोन्ही हातांनी घ्या,” बाई म्हणाल्या.

रविवारी लेक आली. काकांनी नात अशी झोकात उचलली की लेक बघतच राहिली. शब्दकोशांपेक्षा हलकी होती, आणि पुष्कळच ऊबदार! काका तिला डोळे भरून बघत होते. कपाळ बघितलं, नाक बघितलं, मग उजवा गाल. गालावर एक बारीकसा लाल ठिपका होता.

काकांनी नातीला डाव्या हातावर नीट सावरलं आणि त्यांचा उजवा हात आपोआप खिशाकडे गेला.

खिसा रिकामा होता. समोर काकू उभ्या होत्या, नाकावर चष्मा चढवून.

“पेन कुलपात आहे,” त्या म्हणाल्या. “आणि किल्ली मागू नका!”